लेकीची इंग्रजी बोलण्याची परीक्षा : पहिली पाच मिनिटं



गटाच्या कर्जमागणी अर्जात 'कारण' या रकान्यात आपण नेहमी काय लिहितो? शेळी, शिलाई मशीन, बी-बियाणं, दवाखाना, लेकराची फी. आता काही गटांच्या इतिवृत्तात एक नवा शब्द दिसायला लागलाय : आयेल्ट्स. कुणी 'आयलेट' लिहितं, कुणी नुसतं 'इंग्रजीची मोठी परीक्षा' लिहितं. मुलगी जीएनएम नाहीतर बीएस्सी नर्सिंग झालेली असते आणि तिला बाहेरदेशी नोकरी करायची असते. किंवा मुलाला समाजकल्याणच्या परदेश शिष्यवृत्तीवर पुढं शिकायचं असतं. परीक्षेची फी सतरा-अठरा हजारांच्या घरात जाते. या परीक्षेत पास-नापास असं काही नसतं, शून्य ते नऊ असे गुण मिळतात. पण जिथं जायचं तिथं लागतात तेवढे गुण पडले नाहीत, तर पुन्हा फी भरून पुन्हा बसावं लागतं. म्हणजे आईचा एक हप्ता फिटायच्या आत दुसरा सुरू.

म्हणून या अंकातला पाठ या परीक्षेवर. सगळ्या परीक्षेवर नाही. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं असे तिचे चार भाग आहेत, त्यातल्या फक्त बोलण्यावर, आणि त्यातही फक्त सुरुवातीच्या चार-पाच मिनिटांवर. एवढंच का निवडलं? एक तर हा भाग सोपा म्हणून मुली त्याकडं बघतच नाहीत. आणि दुसरं कारण माझ्या दृष्टीनं जास्त मोठं आहे : या भागाची तयारी आई घरी बसून करून घेऊ शकते. इंग्रजीचं एक अक्षर न येणारी आईसुद्धा.

आधी परीक्षा कशी होते ते बघू. बोलण्याची परीक्षा सगळी मिळून ११ ते १४ मिनिटांची. एका खोलीत एक परीक्षक आणि आपली मुलगी, बाकी कुणी नाही. काही केंद्रांवर परीक्षक प्रत्यक्ष समोर नसतात, व्हिडिओ कॉलवर असतात. सगळं बोलणं रेकॉर्ड होतं. पहिल्या भागात चार-पाच मिनिटं ओळखीच्या गोष्टींवर प्रश्न : गाव, घर, काम, शिक्षण, आवडीनिवडी. दुसऱ्या भागात एक कार्ड देतात, विचार करायला एक मिनिट आणि मग एक-दोन मिनिटं एकटीनं बोलायचं. तिसऱ्या भागात त्याच विषयावर जरा खोल चर्चा. प्रत्येक भागाला वेगळे गुण नसतात, सगळ्या बोलण्याचा मिळून एक आकडा येतो. ब्रिटनमध्ये नर्स म्हणून नोंदणी करायची तर तिथली नर्सिंग परिषद बोलण्यात ७ मागते. साडेसहा चालत नाहीत. अर्ध्या गुणावर मुली अडकतात ते इथंच.

आता तुम्ही म्हणाल, "मॅडम, आमाला कुठं इंग्रजी येतंय?" पण ही परीक्षा तुम्ही स्वतः दिलेली आहे. गटाला पहिल्यांदा बँकेचं कर्ज घ्यायचं होतं तेव्हा बँकेचे साहेब आले होते ना ग्रेडिंगला? काय विचारलं त्यांनी? गट कधी सुरू झाला, सभासद किती, बचत किती, बैठक कोणत्या वारी, कर्ज कशासाठी पाहिजे. एकही प्रश्न अवघड नव्हता. उत्तरं सगळ्यांना पाठ होती. तरी काय व्हायचं ते आठवा. एखादी ताई नुसतं "हो" म्हणून गप्प. दुसरी नियमावलीच घडाघडा म्हणून दाखवायची आणि साहेबांनी मधेच काही विचारलं की गाडी बंद. आणि एखादी मात्र म्हणायची, "बैठक सोमवारी घेतो साहेब, कारण रविवारी आमच्याकडं बाजार असतो, बायका घरी नसतात." साहेब मान डोलवायचे. उत्तर दिलं, कारण सांगितलं, आपल्या घरची एक गोष्ट जोडली. बस. इंग्रजीच्या परीक्षेतला पहिला भाग ह्यापेक्षा वेगळा नाही.

खोलीत गेल्यावर परीक्षक स्वतःचं नाव सांगतात आणि विचारतात, "कॅन यू टेल मी युअर फुल नेम, प्लीज?" मग पासपोर्ट बघतात. पुष्कळदा "व्हॉट शुड आय कॉल यू?" असंही विचारतात, म्हणजे तुला कोणत्या नावानं हाक मारू. एवढ्या ओळखीला गुण नसतात. पण पोरगी इथंच घाबरली तर पुढचा आवाज बसतो, म्हणून एवढं तरी शंभर वेळा म्हणून तयार असावं. आपल्याकडं शाळेपासून एक खोड लागलेली आहे : "मायसेल्फ अमुक अमुक." ते काढून टाका. "माय नेम इज…" एवढंच म्हणायचं. आणि नाव विचारलं की नावच सांगायचं. आपल्या मुली एका दमात नाव, वडिलांचं नाव, गाव, तालुका, जिल्हा, कॉलेज, भाऊबहीण सगळं सांगून मोकळ्या होतात. मग परीक्षकाकडं विचारायला काय राहतं?

नावाचंच एक महत्त्वाचं काम घरी आधी उरकून घ्या. परीक्षेचा फॉर्म आणि पासपोर्ट यांवरचं नाव अक्षरन् अक्षर जुळलं पाहिजे. लग्न झालेल्या मुलींची मार्कलिस्ट माहेरच्या नावानं, आधार सासरच्या नावानं, आणि पासपोर्टवर तिसरंच काहीतरी, हे आपण रोज बघतो. फॉर्म भरताना समोर पासपोर्ट ठेवूनच भरायचा. केंद्र पुण्यासारख्या मोठ्या शहरात असतं. तिथं सकाळी पोचून दारातून परत फिरायची वेळ येऊ नये.

आणि गावाबद्दल. "व्हेअर आर यू फ्रॉम?" हा प्रश्न येणारच. आपल्या जिल्ह्याचं नाव २०२३ मध्ये बदललं. ज्यांचे पासपोर्ट त्याआधीचे, त्यांच्यावर उस्मानाबाद आहे आणि मुली तोंडानं धारावाहिक धाराशिव म्हणतात. घाबरायचं कारण नाही, उलट बोलायला एक वाक्य आयतं मिळालं : "आय ॲम फ्रॉम धाराशिव. इट वॉज कॉल्ड उस्मानाबाद बिफोर." भूतकाळातलं एक नीट वाक्य आपोआप जमलं.

ओळख झाली की खरे प्रश्न सुरू. आधी बहुतेक काम, शिक्षण किंवा घर-गावाबद्दल, मग आणखी एक-दोन विषय : स्वयंपाक, पाऊस, सण, मोबाइल, चहा, झोप, काहीही. इथं काय चुकतं ते एका उदाहरणावरून बघू. प्रश्न आला, "डू यू लाइक कुकिंग?"

पहिली मुलगी म्हणते, "येस." आणि थांबते. परीक्षकाला तिचं इंग्रजी कळणार कसं?

दुसरी म्हणते, "कुकिंग इज ॲन इंटिग्रल पार्ट ऑफ ह्यूमन लाइफ अँड इट प्लेज अ व्हायटल रोल…" हे क्लासचं पाठांतर. तिला स्वतःलाही त्यातल्या निम्म्या शब्दांचा अर्थ माहीत नसतो. परीक्षक अशी शेकडो उत्तरं ऐकतात, पाठ केलेलं त्यांना दोन वाक्यांत कळतं, आणि त्याला गुण देऊ नयेत असंच त्यांना शिकवलेलं असतं.

तिसरी म्हणते, "येस, आय डू. आय मेक भाकरी ऑलमोस्ट एव्हरी इव्हनिंग, बिकॉज माय मदर कम्स होम लेट फ्रॉम द फील्ड. माय फर्स्ट भाकरीज वेअर नॉट राउंड ॲट ऑल, बट नाउ दे आर ओके." म्हणजे हो, आवडतं, मी जवळजवळ रोज संध्याकाळी भाकरी करते, कारण आई शेतातून उशिरा येते, पहिल्या भाकरी मुळीच गोल नव्हत्या, आता बऱ्या होतात. साधे शब्द आहेत. पण यात आत्ताचं आहे, मागचं आहे, कारण आहे, 'पण' म्हणून वळणही आहे. भाकरी म्हणजे काय हे सांगावंसं वाटलं तर "अ फ्लॅट ब्रेड मेड फ्रॉम सॉर्गम" म्हणायचं. सॉर्गम म्हणजे आपली ज्वारी. भाकरीच्या ऐवजी पिझ्झा म्हणायची काही गरज नाही.

दोन ते चार वाक्यं पुरे. त्यापेक्षा लांबवलं तर परीक्षक मधेच "थँक यू" म्हणून पुढचा प्रश्न विचारतात. ते रागावलेले नसतात, त्यांना वेळेत सगळं विचारायचं असतं. तसंच ते फारसे हसत नाहीत, "व्हेरी गुड" म्हणत नाहीत, वहीतून प्रश्न वाचतात. मुली बाहेर येऊन रडतात, "मॅडम माझ्याकडं बघून हसल्याच नाहीत." त्यावरून काही ठरत नाही, हे लेकीला आधीच सांगून ठेवा.

एका तालुक्यातल्या एका ताईंच्या मुलीचं मी जवळून बघितलं. हुशार पोरगी, नर्सिंगला चांगले मार्क. ताईंनी गटातून कर्ज उचललं, शहरातल्या एका क्लासला पैसे भरले. क्लासनं पन्नास प्रश्नांची पन्नास छापील उत्तरं दिली आणि पाठ करायला लावली. परीक्षेत गावाबद्दल प्रश्न आला तर पोरीनं छापील उत्तर सुरू केलं : "माय होमटाउन इज अ बसलिंग मेट्रोपॉलिटन सिटी…" गाव चारशे उंबऱ्यांचं! पुढच्याच प्रश्नात विचारलं, तिथं लहान मुलांना खेळायला कुठं जागा आहे? ती गप्प. बोलण्यात सहा पडले, सात पाहिजे होते. माझं स्पष्ट मत आहे, हे पैसे इंग्रजी कमी आलं म्हणून वाया गेले नाहीत, पाठांतरामुळे गेले. ह्याच पोरीनं मला तिच्या गावाबद्दल इंग्रजीत विचारल्यावर, अडखळत का होईना, बारव, शाळेमागचं मैदान, जत्रेतली कुस्ती सगळं सांगितलं होतं.

गुण कशाला मिळतात, तेही माहीत असावं. चार गोष्टी सारख्या वजनानं बघतात : न अडखळता आणि सुसंगत बोलणं, शब्दांची निवड, व्याकरण, आणि उच्चार समजतात का. उच्चार गोऱ्या माणसासारखे असावेत असं कुठंही नाही. मराठी वळणाचं इंग्रजी चालतं, ते समोरच्याला कळलं पाहिजे एवढंच. तोंड वाकडं करून बोलायला शिकवणाऱ्या क्लासपासून लांब राहा. आणि उत्तर खरं आहे की खोटं हे कुणी तपासत नाही, मत बरोबर की चूक हेही नाही. पण खोटं सांगायला दुप्पट विचार करावा लागतो, म्हणून आपलं खरं आयुष्यच सोयीचं.

व्याकरणात मराठी बोलणाऱ्या मुलींच्या काही ठरावीक चुका होतात. "आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स" नाही, "आय हॅव टू ब्रदर्स." घरात आम्ही चौघं, याचं "वुई आर फोर" होतं, ते "देअर आर फोर ऑफ अस" पाहिजे. आईबद्दल बोलताना "शी वर्क" नाही, "शी वर्क्स." शेवटचा तो 'स' खाल्ला जातो, घाईत तर हमखास. आणि काळ. प्रश्न "डू यू" नं सुरू झाला तर आत्ताचं सांगायचं, "डिड यू" आलं तर लहानपणीचं, "वुड यू लाइक टू" आलं तर पुढचं. प्रश्नाचा पहिला शब्द कान देऊन ऐकला की उत्तराचा काळ सापडतो. प्रश्न ऐकू आला नाही तर गप्प बसू नये, "सॉरी, कुड यू रिपीट द क्वेश्चन, प्लीज?" म्हणावं. विचारण्यात कमीपणा नाही.

प्रश्नाला सरळ उत्तर आणि त्यामागं कारण, ही रीत आपल्याकडं नवी नाही. आनंदीबाई जोशी डॉक्टर व्हायला अमेरिकेला निघाल्या तेव्हा लोकांनी नावं ठेवली. १८८३ च्या फेब्रुवारीत कलकत्त्याजवळच्या सेरामपूर कॉलेजच्या सभागृहात त्या उभ्या राहिल्या आणि इंग्रजीत बोलल्या. वयाची अठरा वर्षंही पूर्ण नव्हती. लोक जे विचारत होते तेच प्रश्न त्यांनी एकेक करून घेतले : अमेरिकेलाच का, इथं शिकायची सोय नाही का, एकटी का जातेस, परत आल्यावर वाळीत टाकलं तर? आणि प्रत्येकाचं उत्तर कारणासह दिलं. कल्याणला जन्मलेली, इंग्रजी मागून शिकलेली मुलगी. १८८६ मध्ये ती डॉक्टर झाली. तुमच्या लेकीलाही शेजारपाजारचे हेच विचारतात, मराठीत. त्याची उत्तरं ती देतेच की.

आता घरचा सराव. रोज दहा मिनिटं, जेवणं झाल्यावर. मोबाइलमधलं रेकॉर्डिंग सुरू करा. तुम्ही परीक्षक, ती समोर. तुम्ही प्रश्न मराठीत विचारा, तिनं उत्तर इंग्रजीत द्यायचं. तुम्हाला शब्द कळले नाहीत तरी चालतं. तुम्ही बाकीचं बघायचं. आवाज शेवटी खाली जातो का? नजर जमिनीवर आहे का? मधेच "अं… अं…" किती वेळा होतंय? सलग दोन दिवस तोच प्रश्न विचारा. उत्तर पहिल्या दिवसासारखं सुरावर, शब्दाला शब्द आलं तर समजा पाठ केलंय. मग तिला म्हणा, "आता हेच मला मराठीत सांग." स्वतःचं बोलणं असेल तर लगेच सांगेल. पाठांतर असेल तर अडकेल. आणि सगळ्यात उपयोगाचं म्हणजे, प्रत्येक उत्तरानंतर एक "का गं?" विचारा. आया हे जन्मभर विचारत आल्यात, त्यासाठी वेगळं शिकायला नको.

रेकॉर्डिंग तिनं स्वतः दुसऱ्या दिवशी ऐकावं. स्वतःचा आवाज ऐकायची पोरींना लाज वाटते, दोन-चार दिवसांत जाते. गटात दोघी-तिघींच्या मुली तयारी करत असतील तर त्यांना आठवड्यातून एकदा एकत्र बसवा, एकमेकींना विचारू द्या.

कर्जाबद्दल माझं म्हणणं काही ताईंना पटणार नाही, पण सांगते. परीक्षेच्या फीसाठी गटातून कर्ज जरूर घ्या, पण तारीख लगेच घेऊ नका. मुलगी अनोळखी माणसासमोर, अनोळखी प्रश्नांवर, सलग पाच मिनिटं इंग्रजीत बोलू शकते का ते आधी बघा. शाळेतले इंग्रजीचे सर, पीएचसीच्या डॉक्टर मॅडम, कुणालाही विनंती करा. जमलं तर फॉर्म भरा. सरावाचे प्रश्न परीक्षा घेणाऱ्या संस्थांच्या वेबसाइटवर फुकट मिळतात. गुणपत्रक फक्त दोन वर्षं चालतं, त्यामुळे उगाच लवकर देऊनही उपयोग नसतो. परीक्षा न देता सर्टिफिकेट काढून देतो म्हणणारा कुणी भेटला तर त्याला एक रुपया देऊ नका, तो फसवतोय.

कुठं जायचं हेही आधी पक्कं करा. जर्मनीला जायचं तर जर्मन भाषेची परीक्षा लागते, तिथं ह्या फीचा उपयोग नाही. नर्सिंगसाठी ओईटी नावाची दुसरी परीक्षाही ब्रिटनमध्ये चालते. तिच्यात सुरुवातीच्या ओळखीच्या गप्पांना गुण नसतात, गुण पुढच्या दोन प्रसंगांना असतात, जिथं मुलगी नर्स होऊन पेशंटशी बोलते. पण तिथंही आवाज मोकळा होतो तो त्या गप्पांतच, त्यामुळे वरचा सराव वाया जात नाही.

खाली काही प्रश्न देते. वहीत उतरवून घ्या, रोज तीन-चार विचारा, क्रम बदलून विचारा. तुझं गाव कुठं आहे आणि तिथं तुला सगळ्यात जास्त काय आवडतं? गावात गेल्या काही वर्षांत काय बदललं? तुमच्या घरातली कोणती जागा तुला आवडते? तू नर्सिंगच का निवडलंस? ड्यूटी सकाळची बरी की रात्रीची? लहानपणी पावसाळ्यात तुम्ही काय करायचात? पाऊस नाही पडला तर घरात काय होतं? नवरात्रात तुळजापूरला गर्दी असते तेव्हा तू जातेस का? मोबाइलवर रोज किती वेळ घालवतेस, आणि तो कमी करावा वाटतो का? मैत्रिणींना भेटतेस की फोनवरच बोलतेस? चहा की दूध? सकाळी लवकर उठायला आवडतं का? लहानपणी आवडायचं का? पुढं शहरात राहायला आवडेल की गावात? आणि प्रत्येकाच्या शेवटी : का गं?